टांगती तलवार कोणी टांगली?

मराठी वर्तमानपत्रात ‘टांगती तलवार’ वाचायला मिळाली नाही, असा आठवडा जात नाही. अपात्रतेची, टंचाईची, कर्जाची, शाळाबंदीची. तलवार एकच, टांगण्याची ठिकाणं अनेक. हा वाक्प्रचार इंग्रजीतून आपल्याकडे आला आणि इतका रुजला, की त्याच्यामागे एक जुनी ग्रीक गोष्ट आहे हेही विसरायला झालं. तो कुठे वापरावा, कुठे वापरू नये, याबद्दल मात्र दोन मतं आहेत. पुढच्या संवादातले मामा बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुरा तालुक्यातले. मराठी शिकवण्यात त्यांची हयात गेली. भाची बुलढाण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर बातम्या लिहिते. वाद शब्दावरून निघाला, पण शब्दापाशी थांबला नाही.

मामा : परवाच्या अंकात एकाच पानावर तीन ठिकाणी टांगती तलवार होती. सोयाबीनवर किडीची, गावावर पाणीटंचाईची आणि एका सरपंचावर अपात्रतेची. तिन्हींत एकच तलवार खरी. बाकी दोन ठिकाणी शब्द फुकट गेला.

भाची : खरी कोणती?

मामा : सरपंचाची. काहून ते सांगतो. सिसिली बेटावर सिराक्यूज नावाचं शहर आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात तिथे डायोनिसियसची सत्ता होती. त्याच्या दरबारातला डॅमोक्लीस उठता-बसता राजाची तारीफ करायचा. तुमचं सैन्य, तुमचा खजिना, तुमचे महाल. तुमच्याएवढा सुखी माणूस जगात नाही, म्हणायचा. राजा म्हणाला, मग एकदा हे सुख भोगून पाहा. त्याला सोन्याच्या मंचकावर बसवलं. भरजरी आच्छादन, चांदीची भांडी, अत्तरं, धूप, पक्वान्नांनी भरलेलं ताट, दिमतीला सेवक. गडी हरखला. तेवढ्यात राजाने छताला एक लखलखती तलवार बांधायला लावली. घोड्याच्या केसाने, अन् थेट त्याच्या मानेवर. मग त्याचा हात काही ताटाकडे जाईना. शेवटी विनवण्या करून म्हणाला, जाऊ द्या मला, हे सुख नको.

भाची : ही गोष्ट रोमन लेखक सिसेरोने सांगितली आहे ना?

मामा : हो, इसवी सनापूर्वी 45 च्या सुमारास. त्याने डायोनिसियसबद्दल आणखीही लिहून ठेवलंय. न्हाव्याच्या हाती मान द्यायची म्हणून हा राजा घाबरायचा. दाढीचं काम त्याने मुलींना शिकवलं. त्या मोठ्या झाल्यावर त्यांच्याही हातातलं पातं काढून घेतलं आणि अक्रोडाच्या तापवलेल्या टरफलांनी दाढी जाळून घ्यायला लागला. झोपण्याच्या पलंगाभोवती खंदक, त्यावर लहानसा लाकडी पूल. म्हणजे ती तलवार खरं तर राजाच्याच डोक्यावर होती. डॅमोक्लीसला तिची चव दाखवली, इतकंच. म्हणून मी म्हणतो, हा वाक्प्रचार खुर्चीवरच्या माणसाचा आहे. वैभव आहे, मान आहे, आणि त्याच जागी बसलं असताना वरून घाव कधी पडेल याचा नेम नाही.

भाची : म्हणजे आपल्याकडची ‘सुळावरची पोळी’.

मामा : अगदी तीच. आणि उदाहरणासाठी सिसिलीपर्यंत कशाला जायचं? सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांची समाधी आहे. निजामशाहीतला एवढा मातब्बर सरदार, जिजाऊंचे वडील. 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात मुजऱ्याला गेले आणि भर दरबारात मारले गेले. सोबत दोन मुलगे आणि नातूही. पुढच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. आजोबांनी नातवाचं तोंड पाहिलं नाही. दरबारातलं ताट कसं असतं, हे आपल्या जिल्ह्याला कोणी परक्याने शिकवायला नको. आजचं उदाहरण हवं तर जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, त्यानंतरचं घे. शिवसेनेच्या 16 आमदारांवर अपात्रतेच्या याचिका होत्या. निकाल लागला 10 जानेवारी 2024 ला. दीड वर्ष राज्याचं सरकार चालू, मंत्री खुर्चीवर, आणि वर याचिका. त्या 16 जणांत आपल्या मेहकरचे आमदारही होते. तिथे तुम्ही लोकांनी टांगती तलवार लिहिलं, ते चपखल होतं.

भाची : मामा, तुमची व्याख्या नेटकी आहे, पण ती खुर्चीवाल्यांपुरती झाली. ज्याच्याकडे खुर्चीच नाही, त्याच्या भीतीला मग शब्दच नको का? आणि तलवार खुर्चीपासून कधीच सुटलीय. 25 सप्टेंबर 1961 ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलले, तेव्हा त्यांनी अणुबॉम्बला डॅमोक्लीसची तलवार म्हटलं आणि ती पृथ्वीवरच्या प्रत्येक बाई-माणसाच्या, पोरांच्या डोक्यावर टांगली. अपघाताने, चुकीच्या हिशेबाने किंवा कुणाच्या वेडापायी धागा तुटेल, असं ते म्हणाले. ज्यांनी बॉम्ब केला नाही, ज्यांना त्या सत्तेतला घासही मिळाला नाही, तेही खालीच. तेव्हापासून हा वाक्प्रचार सगळ्यांचा आहे.

मामा : केनेडींचा दाखला मला मान्य आहे. पण त्यातलं एक पाह्य. बॉम्ब माणसांनीच केले होते आणि माणसंच ते काढू शकत होती. डॅमोक्लीसच्या गोष्टीतही तलवार आपोआप लटकली नाही; राजाने हुकूम दिला, कुणीतरी शिडी लावली, गाठ मारली. माझा आग्रह तेवढाच. तलवार म्हणायची तर टांगणारा हात हवा. तिच्याखालच्या माणसाला ती दिसत असावी. आणि पडायची वेळ ठरलेली नसावी. पोरं निबंधात लिहायची, ‘दहावीच्या परीक्षेची टांगती तलवार’. मी लाल शाईने खोडायचो. परीक्षेचं वेळापत्रक छापलेलं असतं, तारीख भिंतीवर लागते. ती धाकधूक झाली, तलवार नव्हे.

भाची : मग तुमच्याच कसोटीवर माझी उदाहरणं घासून पाहा. सप्टेंबर 2022 मध्ये सरकारने 20 पर्यंत पट असलेल्या शाळांची माहिती मागवली. लगेच गावोगाव चर्चा, आपली शाळा बंद होणार. बंदचा आदेश हातात नव्हता, पण बाप पोराचं नाव कुठे घालावं या विचारात पडला. हात सरकारचा, भीती डोळ्यांसमोर, वेळ अनिश्चित. आणि खाली कोण? दुसरीतली पोरं. त्यांना कुठल्या राजाने मेजवानी दिली होती?

मामा : ही तलवार खरी आहे. खुर्चीची अट मी सोडतो.

भाची : एवढ्यात?

मामा : मी मास्तर होतो. वीस पोरांची शाळा मी पाहिली आहे. पण हाताची अट सोडत नाही. आता माझ्याच तालुक्याचं सांगतो, म्हणजे हाताचा मी एवढा आग्रह का धरतो ते कळेल. पूर्णेवर जिगावला धरण होतंय. मान्यता मिळाली नव्वदच्या दशकात. तेव्हा अंदाज काही शे कोटींचा होता, आता आकडा हजारो कोटींवर गेला. सुमारे एक लाख हेक्टर भिजवायचं धरण आहे. खारपाणपट्ट्याला गोड पाणी मिळेल, हे मोठंच काम आहे आणि मी धरणाच्या विरोधात नाही. पण चाळीसहून जास्त गावं कमी-अधिक बुडितात येतात. त्या गावात मान्यतेच्या साली जन्मलेलं पोर आज लेकराबाळांचं झालंय. एवढी वर्षं तिथे माणूस कसा जगतो, ते तुमच्या बातमीत कधी आलंय का?

भाची : मोर्चा निघतो तेव्हा येतं.

मामा : मोर्चा एक दिवसाचा. रोजचं जगणं पाह्य. भिंतीला तडा गेला, तर लिंपायचं की पाडून नवी बांधायची? नवी बांधली अन् दोन वर्षांत उठावं लागलं, तर पैसा पाण्यात. नाही बांधली, तर पावसाळ्यात भिंत अंगावर. शेतात विहीर खोदावी का? संत्र्याची कलमं लावावीत का? झाड हाती यायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर शेत राहील का? पोरीकडचे पाहुणे येतात अन् विचारतात, गाव बुडितात आहे म्हणे. घर आहे, शेत आहे, पण त्यावर उद्याचा बेत करता येत नाही. कायद्याचंही ऐक. 2013 च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना निघाली, की प्रक्रिया संपेपर्यंत त्या जमिनीची खरेदी-विक्री करता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी खास सूट दिली तर गोष्ट वेगळी. म्हणजे पोरीच्या लग्नाला एकरभर विकावं म्हटलं, तर तेही अडलं. सातबारा नावावर आहे, पण हातपाय बांधलेले.

भाची : पण तोच कायदा दुसरीकडून संरक्षणही देतो. अधिसूचनेनंतर 12 महिन्यांत पुढची घोषणा झाली नाही, तर अधिसूचना रद्द ठरते. घोषणेनंतर 12 महिन्यांत निवाडा व्हायला हवा. आणि सिंचन प्रकल्प असेल, तर जमिनी पाण्याखाली जाण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण हवं, असं स्पष्ट लिहिलंय. सरकारला मुदत वाढवता येते, तो भाग वेगळा.

मामा : मग हेच तर मी म्हणतोय! कायदा करणाऱ्याला कळलं होतं, की माणसाला बेमुदत टांगून ठेवणं हाच अन्याय आहे. म्हणून त्याने मुदत घातली. जिथे हात आहे, तिथे मुदत मागता येते. ‘जिगावच्या गावांवर बुडिताची टांगती तलवार’ एवढंच लिहून थांबलात, तर वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. पुनर्वसनाचा प्लॉट कुठे, निवाडा कधी, पैसे किती आले, कोणत्या टेबलावर फाइल आहे, हे लिहिलं तर विचारणारा उभा राहतो. आणि आभाळाच्या भीतीलाही तुम्ही तलवारच म्हणायला लागलात, तर वाचणाऱ्याला धरणाची फाइल आणि न आलेला पाऊस सारखेच वाटतील. दोन्हींपुढे तो हात जोडेल. जिथे हात धरायचा, तिथे हात जोडून कसं चालेल?

भाची : आभाळाची भीती म्हणजे भेंडवळची घटमांडणी?

मामा : हो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वाघ घराण्यातले महाराज शेतात घट मांडतात. तीनशेहून जास्त वर्षांची परंपरा सांगतात. गोल आखून धान्याचे अठरा ढीग, मधे खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. पापड, कुरडई, भजं, पानसुपारी. रात्रभर तिथे कोणी जात नाही. पहाटे पाहतात, कोणतं ढेकूळ भिजलं, कोणता दाणा सरकला, विडा हलला का. मग पाऊस, पीक, राजाची गादी यांचं भाकीत सांगतात. हजारो शेतकरी उभं राहून ऐकतात.

भाची : मामा, त्याला शास्त्राचा आधार नाही. दाणा वाऱ्याने सरकतो, मुंगीने सरकतो. पेरणीचा निर्णय हवामान खात्याच्या अंदाजावर घ्यायला हवा.

मामा : आधार नाही, हे मीही वर्गात सांगत आलो. पेरणी कशावर करायची, यात तुझं-माझं दुमत नाही. मी बोलतोय ते भीतीबद्दल. पाऊस कोणी टांगलेला नाही, हे शेतकऱ्याला माहीत आहे. म्हणून त्याने वर्षातली एक रात्र त्या भीतीला दिली. एकदा ऐकलं, की घरी जाऊन वखर, बियाणं, बैल पाहायला मोकळा. जिथे हात नाही, तिथे तयारीच करावी लागते. तिथे तलवार-तलवार ओरडून फक्त धास्ती वाढते.

भाची : आता मी बोलते. तुम्ही भीतीचे दोन ढीग केलेत. एक माणसाने टांगलेली, एक आभाळाची. पण हात नाही असं आधी वाटतं आणि नंतर तो सापडतो, त्याचं काय? शेगाव तालुक्यातलं आठवा. डिसेंबर 2024 संपता संपता बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस मुठीत यायचे, तीन-चार दिवसांत टक्कल. बाया डोक्यावरचा पदर काढेनात. पोरी कॉलेजात जाईनात. रोज नव्या गावाचं नाव यायचं आणि प्रत्येकाला वाटायचं, उद्या आपण. त्या दिवसांत कोणी म्हणालं पाणी, कोणी म्हणालं बुरशी, कोणी म्हणालं कोप. तुमच्या हिशेबाने ती तलवार नव्हती, कारण हात दिसत नव्हता.

मामा : नव्हतीच. ते संकट होतं.

भाची : मग पुढे काय झालं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं, नमुने घेतले. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे सगळ्यांना माहीत असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर या गावांत आले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेलं सापडलं आणि ते रेशनच्या गव्हातून आलं, असं त्यांनी मांडलं. गहू पंजाबकडचा. एप्रिल 2025 मध्ये त्याच भागात नखं गळण्याच्या तक्रारी आल्या. आता सांगा, ज्याला कोप म्हणत होते, तो कुठून निघाला? कुणी गहू खरेदी केला, कुणी तपासला, कुणी पाठवला. एक नाही, अनेक हात. कोणी विचारलंच नसतं, तर तुम्ही ती भीती आभाळाच्या ढिगात टाकून तयारीला लागला असतात. पण तयारी कशाची करणार? रोज ताटात पोळी तीच.

मामा : हं. हे तू बरोबर धरलंस.

भाची : आणि पाऊसही. पाऊस आभाळाचा, पण पीक बुडाल्यावर बँकेची नोटीस आभाळातून येत नाही. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आपला बुलढाणा त्या सहांत होता. का? त्या सहा जिल्ह्यांत पाऊस सगळ्यात कमी म्हणून नव्हे. मराठवाड्याच्या काही भागांत, माणदेशात याहून कमी पडतो. इथे कोरडवाहू कापूस, ओलिताचा अभाव, सावकार आणि भाव, हे सगळं एकत्र आलं. खारपाणपट्ट्याचंही तेच. जमिनीखालचं पाणी खारं, हा भूगोल. पण संग्रामपूर, जळगाव जामोदकडे मूत्रपिंडाच्या आजाराची धास्ती घेऊन माणसं तेच पाणी पितात, कारण नळाचं गोड पाणी वेळेवर पोचत नाही. हा भूगोल नव्हे.

मामा : मग तेच लिहा ना, माय. ‘दुष्काळाची टांगती तलवार’ लिहिलंस, की नोटीस काढणारा, पाणी न पोचवणारा, गहू न तपासणारा, सगळे दुष्काळामागे लपतात. दुष्काळाला कोण जाब विचारणार? ‘जप्तीच्या नोटिशीची टांगती तलवार’ लिही. मी लाल शाई उचलणार नाही.

भाची : डेस्कवर रात्री अकराला मथळ्यासाठी चार शब्दांची जागा असते. जोरकस शब्द असला, तरच तालुक्याच्या साहेबाचं लक्ष जातं.

मामा : आधी जायचं. आता रोज तलवार वाचून साहेबाची मान वर होत नाही. शब्द बोथट झाला, की ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी काही उरत नाही. अन् आपल्याकडे काय दुष्काळ आहे का शब्दांचा? निकाल लागायचा आहे, जीव टांगणीला लागलाय. पोरगं रात्री घरी आलं नाही, पोटात गोळा आलाय. नदीला पूर आलाय, जीव मुठीत धरून बसलोय. प्रत्येक भीतीची जात वेगळी, तिला तिचा शब्द द्या.

भाची : शब्द जपून वापरेन, हे कबूल. पण मी तो खुर्चीवाल्यांकडे परत देणार नाही. बुडितातल्या घराला, कमी पटाच्या शाळेला, नोटीस आलेल्या शेतकऱ्याला तो माझ्याकडून मिळेल. आणि हात दिसत नसेल, तर नाही म्हणून मोकळं होण्याआधी एकदा शोधेन.

मामा : शोध. आणि सापडला, की मथळ्याच्या खालच्याच ओळीत लिही, कोणी टांगली आणि काढायची मुदत काय. मग रोज लिहिलंस तरी माझी हरकत नाही.

दोघांचं इथे जमलं, आणि मला वाटतं त्यात मराठी वाचकाच्या कामाचं काही आहे. डॅमोक्लीस नशीबवान होता. त्याला तलवार टांगणारा समोर दिसत होता, त्याच्याशी बोलता येत होतं, आणि ‘जाऊ द्या’ म्हटल्यावर जाताही आलं. पूर्णेकाठच्या बुडित गावातल्या माणसाला यातलं काहीच सहज मिळत नाही. त्याला कोणत्या कार्यालयात जायचं ते कळत नाही, गेला तर साहेब दौऱ्यावर असतात, आणि उठून जायचं म्हटलं तर नवं गाव तयार नसतं. म्हणून त्याच्या भीतीचं वर्णन करून लेखकाचं, पत्रकाराचं काम संपत नाही. भीतीला नाव आणि तारीख मिळवून देणं, हे खरं काम आहे. शेगावच्या गावांत कारणाचा माग लागला, तेव्हा निदान कोणत्या धान्याकडे संशयाने पाहायचं ते कळलं. भूसंपादनाच्या कायद्यात मुदत लिहिली गेली, तेव्हा निदान कशावर बोट ठेवायचं ते कळलं.

उद्याच्या पेपरात टांगती तलवार वाचाल, तेव्हा तिथेच थांबू नका. ती कोणी टांगली आणि कोणत्या तारखेपर्यंत उतरवायला तो बांधील आहे, हे बातमीत शोधा. सापडलं नाही, तर लिहिणाऱ्याला विचारा. आणि तुमच्याच गावाची बातमी असेल, तर ग्रामसभेत उभं राहून विचारा. माणसाने बांधलेली गाठ माणसालाच सोडता येते.